सभासदांची वही कोणाकडे?

गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वार्षिक सभा असो की पतसंस्थेची निवडणूक, भांडण कोणत्याही कारणाने पेटले तरी शेवटी ते एका वहीपाशी येऊन थांबते. अमक्याचे नाव यादीत आहे का? ते केव्हा घातले, कोणी घातले? वर्गणी त्यानेच भरली की त्याच्या नावावर दुसऱ्या कोणी? अध्यक्षांची भाषणे छापली जातात, कोषाध्यक्षांचे हिशेब तपासले जातात. सभासदांची वही मात्र कोणी तरी चिटणीस, बहुधा बिनपगारी, घरच्या कपाटात सांभाळत असतो. संस्थांचे इतिहास लिहिणारेही या वहीकडे क्वचितच वळतात.

वर्धा जिल्ह्यात राहून संस्थांचा इतिहास वाचणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. १९२१ पासून पुढच्या तीसेक वर्षांत स्वयंसेवकांच्या बळावर चाललेल्या जितक्या देशव्यापी संस्थांचा कारभार वर्धा आणि सेवाग्राम या चार-पाच मैलांच्या टापूतून झाला, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या जिल्ह्याच्या गावातून झाला असेल. त्यांतल्या प्रत्येकीला ठरवावे लागले की आपला माणूस कोण आणि ते ठरवणार कोण. गेल्या तीस वर्षांत संगणकाच्या जगात स्वयंसेवकांनी उभारलेल्या मोठ्या प्रकल्पांनाही नेमका हाच प्रश्न सोडवावा लागला. दोन्ही अनुभव शेजारी ठेवून पाहिले, तर आपल्या लहान संस्थांनाही उपयोगी पडेल असे काही हाती लागते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. 'सभासद सांभाळणे' हे एक काम वाटते, पण त्यात निदान पाच कामे आहेत. नव्या माणसाची हमी घेणे, त्याची पारख करणे, नाव नोंदणे, नोंदलेल्याला अधिकार देणे आणि वेळ आली तर नाव काढणे. ही पाचही कामे एकाच हाती असली की संस्था झपाट्याने चालते. ती बिघडते तीही बहुधा तिथेच.

चार आण्यांची पावती

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. स्वागताध्यक्ष होते वर्ध्याचे जमनालाल बजाज. पुढे काँग्रेसचे कोषाध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. या अधिवेशनाने काँग्रेसला नवी घटना दिली, भाषावार प्रांत समित्या केल्या आणि उद्दिष्ट मान्य करून वर्षाला चार आणे देणाऱ्या सामान्य माणसाला सभासद होण्याची वाट मोकळी केली. तोवरची काँग्रेस वर्षातून एकदा भरणाऱ्या प्रतिनिधींची होती. आता तिला गावोगावच्या याद्या मिळणार होत्या.

पाठोपाठ १९२१ च्या वसंतात बेझवाड्याला अखिल भारतीय समितीने तीन आकडे ठरवले: ३० जूनपर्यंत टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये, एक कोटी सभासद आणि वीस लाख चरखे. फंडाचा आकडा पुरा झाला, सभासदांचा झाला नाही. यात नवल नाही. मोठी देणगी एका सहीने मिळते, सभासद मात्र एकेक करून, दारात उभे राहून करावा लागतो. ते काम गावपातळीवरच्या कार्यकर्त्याचे. ओळख त्याची, पावती त्याच्या हातची, नाव लिहिणाराही तोच. वरच्या समितीकडे जायचा तो आकडा. त्या आकड्यामागचा माणूस कार्यकर्त्याशिवाय कोणी पाहिलेला नसे.

सुरुवातीला यातून फारसे बिघडले नाही, आणि त्याला कारण होते. १९२० च्या घटनेत प्रांतांना मिळणाऱ्या प्रतिनिधींची संख्या लोकसंख्येवर ठरत होती, साधारण पन्नास हजार वस्तीमागे एक. यादी फुगवली म्हणून प्रांताला जास्त प्रतिनिधी मिळत नसत. ही तरतूद पुढे बदलली. तो बदल काय करून गेला ते ओघाने येईलच.

सुताची साक्ष

कार्यकर्त्याच्या शब्दाऐवजी वस्तूची साक्ष घ्यावी, हा प्रयोग गांधीजींनी १९२४ मध्ये केला. जूनमध्ये अहमदाबादला भरलेल्या अखिल भारतीय समितीच्या बैठकीत त्यांनी ठराव मांडला की काँग्रेसच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी रोज अर्धा तास सूत कातावे आणि दरमहा ठरल्या मापाचे सूत खादी मंडळाकडे पाठवावे. जो पाठवणार नाही त्याचे पद आपोआप रिकामे समजावे, असे कलमही त्यात होते. मोतीलाल नेहरू, चित्तरंजन दास आणि त्यांचे स्वराज्य पक्षाचे सहकारी निषेध म्हणून सभेतून उठून गेले. ठराव मंजूर झाला, पण शिक्षेचे कलम नंतर काढून टाकावे लागले. संस्थेत माणूस घेणे सोपे, काढणे अवघड, हे त्या दिवशी दिसले. नाव कोण काढणार आणि कोणत्या अधिकाराने, याचे सर्वांना पटलेले उत्तर नसेल तर नियम कागदावरच राहतो.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला गांधीजींच्याच अध्यक्षतेखाली चार आण्यांच्या जागी सूत आले: महिन्याला दोन हजार वार. पण तडजोड म्हणून एक फट राहिली. आजारपण, अनिच्छा किंवा तशाच काही कारणाने स्वतः कातता येत नसेल, तर दुसऱ्याने कातलेले सूत चालणार होते. मग सूत विकत घेऊन सभासद होण्याची वाट खुली झाली. साक्ष सुताची होती, पण सूत कोणाचे याची साक्ष पुन्हा माणसानेच द्यायची होती.

वर्षभराच्या आत, सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला हा नियम सैल झाला. चार आणे किंवा वर्षाला स्वतः कातलेले दोन हजार वार सूत, यांपैकी काहीही चालेल असे ठरले. त्याच वेळी ज्यांना सुताचेच काम करायचे होते त्यांच्यासाठी वेगळी संस्था निघाली, अखिल भारत चरखा संघ. अध्यक्ष गांधीजी, कोषाध्यक्ष जमनालालजी आणि चिटणिसांत शंकरलाल बँकर, जवाहरलाल नेहरू व शुएब कुरेशी. तिचे सभासद दोन वर्गांचे होते. 'अ' वर्गाने दरमहा एक हजार वार स्वतः कातलेले, पिळदार आणि एकसारखे सूत द्यायचे. 'ब' वर्गाने वर्षाला दोन हजार वार. दोघांनीही खादी नित्य वापरायची.

इथे कामांची वाटणी आपोआप झाली. सूत कातणारा गावात, ते तपासणारे जाणकार दुसरीकडे. सुताचा नंबर, पीळ, मजबुती हे सगळे हातात घेऊन पाहता येते. पारख करणाऱ्याला सभासदाची जात, ओळख वा वशिला माहीत असण्याची गरज नव्हती. दुसरा गुण त्याहून मोठा. सभासदत्व दर महिन्याला नव्याने सिद्ध होत होते. सूत यायचे थांबले की माणूस गळाला हे वहीच सांगे. कोणाला काढून टाकण्याचा कटू प्रसंग बव्हंशी टळे. किंमत अर्थात मोजावी लागली. अशा संघाचे सभासद कधीच कोटींत जाणार नव्हते.

पाचशेमागे एक

१९३३ मध्ये साबरमती सोडल्यावर गांधीजी वर्ध्याला आले आणि ३० एप्रिल १९३६ ला शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहू लागले. ऑक्टोबर १९३४ च्या मुंबई अधिवेशनानंतर ते काँग्रेसचे चार आण्यांचे सभासदही राहिले नव्हते. त्याच डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. अध्यक्ष वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू, चिटणीस जे. सी. कुमारप्पा, कचेरी मगनवाडीत. ही संस्था सभासदाकडून मताऐवजी प्रतिज्ञा आणि काम मागत होती.

काँग्रेसमध्ये मात्र उलटा प्रवाह सुरू झाला. गांधीजींच्याच पुढाकाराने मुंबईत मंजूर झालेल्या नव्या घटनेने प्रतिनिधींची संख्या सभासदसंख्येशी जोडली, पाचशे सभासदांमागे एक प्रतिनिधी. हेतू चांगला होता. जिथे काम आहे तिथे प्रतिनिधित्व असावे. पण आता यादीतले प्रत्येक नाव म्हणजे पाचशेतला एक हिस्सा झाला आणि ती यादी करणारे, पावतीपुस्तके बाळगणारे, तिच्या जोरावर निवडून येणारे हे बहुतेक ठिकाणी तेच लोक किंवा एकाच गटातले. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा यादीला सत्तेचा भावही आला. मुंबई अधिवेशनानंतरच्या पहिल्या वर्षांत सभासदसंख्या पाच लाखांच्या आसपास होती. १९३८-३९ मध्ये ती पंचेचाळीस लाखांच्या घरात गेली.

यातले किती उत्साहाने आले आणि किती कोणी तरी आपल्या खिशातून चार-चार आणे भरून आणले, हे पावतीवरून कळणार नव्हते. ३१ जानेवारी १९३९ ला, सुभाषचंद्र बोस काँग्रेसच्या अध्यक्षपदी पुन्हा निवडून आल्यावर, गांधीजींनी जे निवेदन काढले त्यात काँग्रेसच्या वह्यांत बोगस सभासदांचा भरणा झाला असल्याचे उघड म्हटले. ते निवेदन बहुधा बोस-गांधी वादाच्या संदर्भात वाचले जाते. माझ्या मते ते यादी सांभाळण्याच्या पद्धतीवरचे निदान म्हणूनही वाचायला हवे. माणसे एकाएकी अप्रामाणिक झाली नव्हती. हमी, नोंद आणि लाभ ही तिन्ही एका हाती आली होती.

१९४८: वही उघडी ठेवली

मृत्यूच्या आदल्या दिवशी, २९ जानेवारी १९४८ ला, गांधीजींनी काँग्रेसचे लोकसेवक संघात रूपांतर करण्याचा मसुदा लिहिला. त्याचा राजकीय अर्थ सर्वांना ठाऊक आहे, पण त्याची रचना पाहावी. पाच प्रौढ स्त्रीपुरुषांची एक पंचायत, शेजारच्या दोन पंचायतींनी मिळून आपल्यातला एक नेता निवडायचा, आणि अशा नेत्यांनी पुढचे नेते. म्हणजे ओळख पटवणारी टोळी पाचांची. चेहरा माहीत नसलेल्या नावाला तिथे जागाच नाही. सेवकाने आपल्या कामाची रोज नोंद ठेवावी आणि गावातल्या ज्यांची नावे मतदारयादीत नसतील ती नोंदली जातील हे पाहावे, हीही त्याची कर्तव्ये होती.

मसुदा अमलात आला नाही. मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली गांधीजींचे सहकारी जमले, तेव्हा पुढे काय करायचे यावर बराच खल झाला. विनोबांचा कल संघटनेच्या चौकटीविरुद्ध होता. निघाला तो सर्वोदय समाज. ज्याला त्याची तत्त्वे मान्य आहेत आणि जो तसे जगू पाहतो तो सेवक. त्याने आपले नाव-पत्ता कळवावा, इतकेच. पारख नाही, हकालपट्टी नाही. पैसा, मालमत्ता आणि कामाची जबाबदारी मात्र सर्व सेवा संघ या वेगळ्या संस्थेकडे राहिली. जुने संघ पुढे एकेक करून तिच्यात विलीन झाले.

ही युक्ती साधी आणि खोल होती. काँग्रेसने वही आणि सत्ता बांधून टाकली होती. सेवाग्रामने त्या सोडवल्या. यादीत नाव असल्याने मत मिळत नसेल, तिजोरीला हात लागत नसेल, तर खोटे नाव घालण्यात कोणाला रस असणार? मग वही उघडी ठेवायला हरकत नाही. जिथे हात घातला तर नुकसान होऊ शकते, त्या थोड्या जागांवरच पहारा बसवायचा.

किल्ल्यांचा जुडगा

याच वाटा संगणकाच्या जगातल्या स्वयंसेवकांनी, वर्ध्याची वही न पाहता, स्वतंत्रपणे शोधल्या. १६ ऑगस्ट १९९३ ला इयन मर्डॉक या तरुणाने 'डेबियन' नावाचा प्रकल्प जाहीर केला. संगणक चालवणारी हजारो मुक्त सॉफ्टवेअरे गोळा करून, तपासून, एकमेकांशी जुळवून फुकट द्यायची, असे हे काम. त्याची मालक कुठलीही कंपनी नाही. जगभर पसरलेले हजाराच्या आसपास अधिकृत सभासद ते चालवतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचे वार्षिक संमेलन कोचीला भरले होते.

इथे सभासदाचे खाते म्हणजे केवळ यादीतले नाव नव्हे. त्या खात्याने पाठवलेले सॉफ्टवेअर पुढे असंख्य यंत्रांवर जाऊन बसते. सुरुवातीला ओळखीवर खाती मिळत. सभासद वाढले, काम सांभाळेना, म्हणून १९९९ मध्ये नवी भरती थांबवली आणि २००० मध्ये नव्या रीतीने उघडली. इच्छुकासाठी एका सभासदाने शब्द टाकायचा. त्याने प्रत्यक्ष कोणा सभासदाला भेटून, ओळखपत्र दाखवून आपल्या संगणकीय किल्लीवर त्याची सही घ्यायची. तिसऱ्याने महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करून त्याची तत्त्वे आणि कसब पारखायचे. ते कागद पुरे आहेत का हे चौथ्याने पाहायचे. मग 'खाते व्यवस्थापक' अंतिम निर्णय देतात, किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारे वेगळे लोक ती किल्ली त्यात घालतात आणि सर्व्हर सांभाळणारे आणखी वेगळे लोक खाते उघडतात.

कागदावरची ही वाटणी प्रत्यक्षात यायला मात्र वेळ लागला. काही वर्षे खाती, किल्ल्या आणि सर्व्हर ही कामे मोजक्या त्याच त्या माणसांकडे होती. अर्ज अंतिम सहीसाठी लांबत, आणि वाट पाहून कंटाळलेले स्वयंसेवक निघून जात. त्या माणसांवर कोणी अप्रामाणिकपणाचा आरोप करण्याची गरज नव्हती. ती थकलेली होती, आणि त्यांच्या जागी दुसरा कोणी नव्हता. पुढे ही कामे हळूहळू वेगवेगळ्या गटांत गेली. दीर्घकाळ न दिसलेल्या सभासदांची सौम्यपणे विचारपूस करणारा एक गट झाला. ज्याला थांबायचे आहे त्याला सन्मानाने निवृत्त होता येते. सुताच्या मासिक हिशेबाने जे होत असे, तेच इथे पत्राने होते.

या प्रकल्पाच्या घटनेतले एक कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रकल्पाचा नेता दरवर्षी सभासदांच्या मतांनी निवडला जातो. खाते व्यवस्थापकांची नेमणूक तोच करतो. पण त्यांनी एकदा दिलेला निर्णय त्याला फिरवता येत नाही, आणि अमुकच निर्णय द्या अशी अट घालून नेमताही येत नाही. म्हणजे यादीच्या बळावर निवडून येणाऱ्याचा हात यादीपर्यंत पोचत नाही. १९३४ च्या घटनेत नेमके हेच नव्हते. नाव काढण्याच्या अधिकारावरही वाद झाले, तेव्हा २०१९ मध्ये अपिलाची वाट आखली गेली. आता काढलेल्या सभासदाला अर्ज पारखणाऱ्या इतर सभासदांच्या समितीपुढे दाद मागता येते.

एवढी दक्षता कशासाठी, याची दोन उदाहरणे पुरेत. नोव्हेंबर २००३ मध्ये एका सभासदाचा चोरलेला पासवर्ड वापरून कोणी तरी डेबियनच्या सर्व्हरांत शिरले, आणि सर्वांची खाती बंद करून नव्याने उघडावी लागली. दुसरे त्याहून गंभीर. 'एक्सझेड' नावाचे, फायली दाबून लहान करणारे एक छोटे सॉफ्टवेअर जगभरच्या यंत्रांत असते. ते अनेक वर्षे जवळजवळ एकच स्वयंसेवक सांभाळत होता. तो थकला होता. 'जिया टॅन' या नावाने कोणी तरी मदतीला आले, चांगले काम करत राहिले, इतर काही नावांनी 'मदतनीस नेमा' असा दबाव आणला आणि अधिकार हळूहळू त्या नावाकडे गेले. दोनेक वर्षे कमावलेल्या विश्वासाच्या आडून त्या नावाने सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा ठेवला. मार्च २०२४ च्या अखेरीस अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर दूरस्थ प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, म्हणून तो उघडकीस आला. डेबियनच्या चाचणीसाठीच्या आवृत्त्यांपर्यंत तो पोचलेला होता, सर्वांसाठीच्या पक्क्या आवृत्तीत नव्हता. हमी, पारख, नोंद आणि अधिकार, सगळे एका थकलेल्या माणसावर होते. जिया टॅन कोण, हे पाहायला दुसरा डोळाच नव्हता.

उघडी वही, बंद तिजोरी

विकिपीडियाने सेवाग्रामची दुसरी वाट धरली. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर मिनिटभरात कोणीही 'सदस्य' होऊ शकतो. हमी नाही, पारख नाही, कारण नुसत्या खात्याने फार नुकसान करता येत नाही. केलेला बदल कोणीही परतवू शकतो. पाने वगळण्याचे, सदस्यांना रोखण्याचे अधिकार 'प्रचालकां'ना, आणि ते चर्चेअंती मिळतात. सदस्य कोणत्या संगणकावरून आला हे तपासण्याचा सर्वांत नाजूक अधिकार तर कोणत्याही भाषेच्या विकिपीडियावर निदान दोघांना द्यायचा, नाही तर कोणालाच नाही, असा नियम आहे. एकाने तपासले ते दुसऱ्याला दिसावे, हा त्यामागचा विचार. दोघे मिळत नसतील तर ते काम सर्व विकिपीडियांसाठी निवडलेल्या बाहेरच्या प्रतिनिधींकडे जाते.

तेव्हा वाटा दोनच दिसतात. नावाबरोबर मोठा अधिकार जात असेल तर चरखा संघाप्रमाणे किंवा डेबियनप्रमाणे दार अरुंद ठेवावे आणि दाराशी अनेक माणसे उभी करावीत. दार रुंद हवे असेल तर सर्वोदय समाजाप्रमाणे किंवा विकिपीडियाप्रमाणे अधिकार वहीबाहेर काढावेत. दार रुंद, अधिकार मोठे आणि रखवालदार लाभार्थी, ही तिसरी वाट १९३९ पर्यंत चालून पाहिली गेली आहे.

दोन्ही चांगल्या वाटांना दोष आहेत, ते झाकू नयेत. अरुंद दाराशी वेळ, इंग्रजी आणि प्रवासखर्च असलेलाच टिकतो. खेड्यातल्या मुलीला किल्लीवर सही घ्यायला जवळ सभासद नसतो, तसा १९२५ मध्ये सगळ्यांकडे चरखा नव्हता. उघड्या वहीत माणसे असंख्य येतात, पण कोण कामाला उभा राहील हे वही सांगत नाही. सर्वोदयाच्या सेवकांच्या यादीवरून संघटना उभी राहिली नाही, आणि ती तशी उभी राहावी असा हेतूही नव्हता.

हा विषय आज केवळ अभ्यासाचा राहिलेला नाही. आपल्या वाचनालयांच्या, नाट्यमंडळांच्या, माजी विद्यार्थी संघांच्या वह्या आता फोनमध्ये गेल्या आहेत. गटात कोणाला घ्यायचे, कोणाला काढायचे, संकेतस्थळाचा पासवर्ड काय, वर्गणीच्या खात्याला कोणाचा मोबाइल नंबर जोडला आहे, हे सगळे बहुतेक ठिकाणी एकाच उत्साही माणसाकडे असते. तो बहुधा सज्जन असतो, फुकट राबतो, आणि म्हणूनच त्याला विचारायला संकोच वाटतो. पण तो आजारी पडला, गाव सोडून गेला किंवा नुसता कंटाळला, तर संस्थेला स्वतःच्याच घराची किल्ली मिळत नाही. त्यावर अविश्वास दाखवण्याचा हा प्रश्न नाही. त्याच्या शेजारी दुसरा माणूस बसवणे हा त्याच्यावरचा भार कमी करण्याचाही मार्ग आहे.

करायचे ते अवघड नाही. नवे नाव सुचवणारा एक आणि नोंदणारा दुसरा असावा. निवडणुकीला उभा राहणाऱ्याने त्या वर्षी यादीला हात लावू नये. नाव काढले तर कारण लिहावे, आणि दाद कोणाकडे मागायची तेही लिहावे. किल्ली दोघांकडे असावी. वर्षातून एकदा वही सर्वांसमोर वाचावी. दिवाळीनंतर बहुतेक संस्थांच्या सभा भरू लागतात. कार्यक्रमपत्रिकेत हिशेबाच्या खाली एक ओळ वाढवायला जागा असते.